कोळ्याच्या डोळ्यांची तपासणी

नाताळ तोंडावर आला की एस्तेरबाई भिंगारदिवे सरांच्या हातात लांब दांड्याचा झाडू देत आणि सर घरातली जळमटं काढत. लग्नापासून ही वाटणी ठरलेली होती, करंज्या बाईंच्या आणि जळमटं सरांची. यंदाही सावेडीतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सर डोक्याला टॉवेल बांधून स्टुलावर चढले. त्यांनी हॉलचे कोपरे साफ केले आणि खिडकीपाशी येऊन जे थांबले ते थांबलेच. झालं का म्हणून बाईंनी स्वयंपाकघरातून दोनदा विचारलं. मग त्या लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. सर झाडू खांद्याला लावून खिडकीच्या चौकटीकडे टक लावून उभे होते.

"काय झालं?"

"तो बघतोय," सर म्हणाले.

चौकटीवर तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा, केसाळ कोळी बसला होता. भोवती जाळंबिळं काही नव्हतं. सर डावीकडे झुकले तसा तो डावीकडे वळला, उजवीकडे झुकले तसा उजवीकडे. मग त्यानं अंगाचा पुढचा भाग जरासा उचलला आणि तो सरळ सरांच्या तोंडाकडे बघत राहिला. निवृत्त झाल्यापासून सरांकडे इतकं लक्ष देऊन कुणी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर निवृत्तीच्या आधीही नव्हतं, कारण सर चित्रकला शिकवायचे आणि चित्रकलेचा तास हा गणिताच्या सरांनी मागून घेण्यासाठीच वेळापत्रकात ठेवलेला असतो. सर झाडू न मारता खाली उतरले. तेवढा एक कोपरा राहिला, आणि पुढची सगळी भानगड त्या राहिलेल्या कोपऱ्यातून निघाली.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी सरांनी कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभर झालं, त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, सगळी भिस्त उजव्यावर. सुरुवातीला त्यांनी चष्मा पुसला. मग खिडक्यांच्या काचा पुसल्या. मग नगरच्या हवेला दोष दिला, रस्त्यांच्या कामांना दिला, आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही तेव्हा तो विषयच सोडून दिला. आडनावातच भिंग असलेला माणूस, मुलं त्यांना मागून भिंगसर म्हणायची. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा हात नि डोळा. त्या डोळ्याला कुणी हत्यार लावणार, ही कल्पनाच त्यांना सोसायची नाही. सर घाबरले होते. बाकी कारणं त्यांनी पुष्कळ दिली असती, पण खरं कारण हे होतं.

आणि त्याहून मोठी भीती रविवारची होती. चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रपाठ सर वाचायचे. खणखणीत आवाज, जिथं थांबायचं तिथं थांबणार, जिथं खाली यायचं तिथं खाली येणार. डोळ्याचं बाहेर फुटलं तर ती जागा जाणार आणि तरुण मंडळाचा डेव्हिड तिथं उभा राहून मोबाईलमधून वाचणार, हे त्यांना दिसत होतं. एवढं मात्र अगदी स्वच्छ दिसत होतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. शनिवारी संध्याकाळी बाईंकडून पाठ मोठ्यानं वाचून घ्यायचा, अर्थ नीट लागावा म्हणून, आणि ऐकता ऐकता तोंडपाठ करायचा. रविवारी पुस्तक समोर धरायचं आणि योग्य जागी पान उलटायचं. पान उलटण्यात तर सर इतके तयार झाले होते की खरंच वाचणारा माणूससुद्धा तसं उलटणार नाही. यंदाच्या नाताळचा पाठही आपणच वाचायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तर कोळी. सरांनी मोबाईलवर त्याची माहिती काढली, म्हणजे अक्षरं भेंडीएवढी मोठी करून काही वाचली आणि उरलेली एका कार्यक्रमातून ऐकली. मग बाई करंज्यांना कातण फिरवत होत्या तिथं ओट्याशी उभं राहून त्यांनी व्याख्यान दिलं. कोळ्याला आठ डोळे असतात. पण आठ असून जाळं विणणाऱ्या बहुतेकांना नीट दिसत नाही, त्यांचं जग धाग्याच्या थरथरीवर चालतं. हा मात्र जाळं विणून बसणारा नव्हे, हा उडी मारून शिकार धरणारा. याचे पुढचे मधले दोन डोळे म्हणजे दुर्बीण. एवढ्याशा जिवाला माशीचे पाय वेगळे दिसतात, रंग दिसतात, अंतर कळतं. गंमत अशी की त्या दोन डोळ्यांना दिसतं अगदी स्वच्छ, पण फार अरुंद, नळीतून बघितल्यासारखं. बाहेरची काच जागची हलत नाही, आतला पडदाच इकडेतिकडे हलवून तो एकेक तुकडा बघतो. बाजूच्या डोळ्यांना तसं बारीक दिसत नाही, पण त्यांचं सगळीकडे लक्ष असतं. मागं काही हललं की ते सांगतात, इकडे वळ. मग तो वळतो आणि पुढच्या डोळ्यांनी बघतो.

बाईंनी करंजी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, म्हणजे काम बाजूचेच करतात, आणि नाव पुढच्यांचं. सर म्हणाले, तसं नाही, दोन्हींचं महत्त्व आहे. पण त्यांचं त्या बोलण्याकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोक्यात प्रयोग शिजत होता. या कोळ्याची नजर नक्की किती, हे तपासायचं.

माळ्यावरच्या पेटीतून त्यांनी जुन्या चित्रांची पिशवी काढली. कधीकाळी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी टाकाच्या बारीक निबानं माशी काढली होती, अगदी खऱ्या माशीएवढी. पंखांवरच्या शिरासुद्धा होत्या. ती कापून त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटवली, पुठ्ठ्याला दोरा लावला, आणि दोऱ्याचं टोक बाईंच्या हातात देऊन त्यांना खिडकीच्या कडेला बसवलं. बाईंनी दोरा ओढला, माशी सरकली. कोळी वळला, दबा धरून दोन पावलं पुढं आला, आणि त्यानं झेप टाकली ती थेट माशीच्या पाठीवर. कागद आहे म्हटल्यावर तो जरा खट्टू होऊन उतरला, पण सरांचं मात्र त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं. आयुष्यभर चित्रं काढली, जिल्हा पातळीवरची दोन प्रशस्तिपत्रंही घेतली, पण चित्र खरं मानून अंगावर धावून जाणारा रसिक पहिल्यांदाच मिळाला होता.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरकडे असतो तसा तक्ता तयार करण्याचं काम सुरू झालं. डॉक्टरकडे वर मोठं अक्षर आणि खाली लहान होत जाणारी, तसं इथं वर मोठी माशी आणि खाली लहान लहान माश्या. सर टेबलाशी बसून भिंग लावून, जीभ दातात धरून माश्या काढू लागले. कागद म्हणून जे हाताला लागेल ते पाठकोरं वापरत होते.

इथपर्यंत गोष्ट घरात होती. ती घराबाहेर गेली ती सोसायटीनं नववर्षाआधी सगळ्या इमारतीत कीटकनाशक फवारायचं ठरवलं म्हणून. सेक्रेटरी भागवत आंधळे. आडनावावर जाऊ नये, पाथर्डीकडे त्या आडनावाची घरंच्या घरं आहेत, आणि भागवतराव तर सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मालाची तपासणी करण्याच्याच कामावर होते. सरांनी त्यांना फोन लावला तेव्हा ते पाळीवर होते आणि मागं यंत्रांची घरघर चालली होती. सरांनी ओरडून सांगितलं की आमच्या खिडकीत एक कोळी आहे, फवारणीच्या वेळी तेवढं सांभाळून घ्या. घरघरीतून भागवतरावांना ऐकू आलं ते एवढंच, की सरांकडे एक कोळी आहे.

"कोळी म्हंजे कोन, सर?"

"अहो कोळी. पंधरा दिवस झाले येऊन."

"फॅमिली हाय का एकटाच?"

"एकटाच. कुटुंब करून राहायचा स्वभावच नाही त्याचा."

"मंग दिवसभर काय करतो?"

"खिडकीत बसून बघत असतो. नजर फार तीक्ष्ण आहे हो. जरासं काही हललं की त्याला कळतं."

 भागवतराव म्हणाले की बरं, बघतो. सरांना वाटलं, काम झालं.

सोसायटीच्या नियमात पोटभाडेकरू ठेवायला परवानगी लागते, आधार कार्डाची प्रत लागते, पोलिसांकडे नोंद लागते, आणि एकटा पुरुष तर अजिबातच चालत नाही. भागवतरावांनी त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की भिंगारदिवे सरांनी कुणाला न कळवता कोळी नावाचा बॅचलर ठेवला आहे आणि तो दिवसभर खिडकीतून बाहेर बघत असतो. समोरच्या पंकजाताईंनी लगेच कळवलं की त्यांनी त्याला बघितलेलं आहे. अंगानं सडपातळ आहे, चष्मा आहे, आणि एकदा त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होता. तळमजल्यावरचे काकासाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी लिहिलं की जिन्यात रात्री कुणाची तरी पावलं वाजतात असं त्यांना कधीपासून वाटत होतंच. या सगळ्यावर सरांनी अंगठा दिला. ग्रुपवरची अक्षरं त्यांना दिसत नव्हती, आणि न दिसणाऱ्या प्रत्येक मजकुराला अंगठा द्यायची त्यांनी सवय लावून घेतली होती. माणूस सभ्य वाटतो आणि चर्चा वाढत नाही.

चर्चा वाढली. तातडीची सभा बोलावली गेली. त्या निरोपालाही सरांनी अंगठा दिला आणि सभेला गेले नाहीत. त्यांचा तो अंगठा लोकांना उर्मटपणा वाटला. सभेत ठराव झाला की श्री. कोळी यांनी महिनाअखेरपर्यंत जागा सोडावी. ठरावाची नोटीस दाराखालून सरकवण्यात आली. सरांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, आणि पाठकोरी आहे हे बघून टेबलावर नेऊन ठेवली.

शनिवारी संध्याकाळी भागवतराव, काकासाहेब आणि पंकजाताई असे तिघं सरांच्या दारात आले. भागवतरावांच्या हातात रजिस्टर होतं. बाईंनी त्यांना बसवलं, करंज्या पुढं केल्या. भागवतराव म्हणाले की आधी कोळींना बोलवा. सरांना फार बरं वाटलं. विज्ञानाबद्दल या इमारतीत कुणाला इतकी आस्था असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते सगळ्यांना खिडकीपाशी घेऊन गेले आणि बोट दाखवलं.

कोळी चौकटीवर बसला होता. त्यानं आधी भागवतरावांकडे बघितलं, मग अंग वळवून काकासाहेबांकडे, मग पंकजाताईंकडे. प्रत्येकाकडे सारखाच वेळ बघितलं.  पंकजाताई सगळ्यात आधी म्हणाल्या की त्यांनी बघितलेला तो दुसराच कुणीतरी असणार. काकासाहेबांनी चष्मा वर करून निरखलं आणि सल्ला दिला, "सर, ह्यो अंगावर मुतला ना, तर फोड येत्यात. आमच्या भावजयीला आल्ते. गेरू लावून ठिवा." मुतायच्या आधीच लावायचा का नंतर, हे त्यांनी सांगितलं नाही.

भागवतराव मात्र रजिस्टर छातीशी धरून विचार करत होते. सभा झाली होती, ठराव झाला होता, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या झाल्या होत्या. शेवटी ते म्हणाले की झालेला ठराव असा मागं घेता येत नाही. ठरावाप्रमाणं कोळी यांना महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तेव्हा तोवर त्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि फवारणीवाल्याला ही खिडकी सोडून द्यायला सांगावं लागेल. सोसायटीच्या इतिहासात रीतसर मुदत मिळालेला हा पहिलाच किडा. सर हरखले. विजयाच्या भरात त्यांनी टेबलावरचे माश्यांचे कागद आणून भागवतरावांना दाखवले. भागवतरावांनी एक कागद उलटा केला, आपलीच नोटीस ओळखली, पुन्हा सुलटा केला आणि बराच वेळ निरखला. दिवसभर मालातले दोष शोधणारा माणूस, त्यानं निर्मळ मनानं विचारलं, "सर, ह्या मुंग्या हायत का?"

"माश्या," सर म्हणाले.

"असं व्हय," भागवतराव म्हणाले आणि त्यांनी कागद हळूच खाली ठेवला. एस्तेरबाई करंज्यांचं ताट उचलून आत गेल्या.

मुंग्या हा शब्द सरांना लागला. त्या संध्याकाळी त्यांनी पाठ नीट ऐकलासुद्धा नाही. तसा तो पाठ त्यांना जुनाच येत होता, तळ्याकाठी जाळी टाकून प्रभूच्या मागं निघालेल्या मासे धरणाऱ्या कोळ्यांचा. पण रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ऐनवेळी पाठ बदलला. नवा पाठ एका कागदावर लिहून त्यांनी सर उठता उठता त्यांच्या हातात दिला. सर वाचायला उभे राहिले. कागदावर त्यांना पांढरं दिसत होतं आणि पांढऱ्यावर थोडं राखाडी. समोर सगळी मंडळी बसलेली. सरांनी घसा साफ केला, कागद समोर धरला आणि खणखणीत आवाजात तळ्याकाठच्या कोळ्यांचा पाठ म्हटला.

मुलांच्या बाकावर खसखस पिकली. कारण आदल्याच रविवारी सरांनी चर्चमधल्या मुलांच्या वर्गात कोळ्याला आठ डोळे असतात हे मोठ्या रंगात येऊन सांगितलं होतं, आणि आता जाळी टाकणारे कोळी म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र उभं राहिलं. एका मुलीनं तर आईला मोठ्यानं विचारलं की म्हणूनच का त्यांना पाण्यातले मासे दिसायचे. सगळी मंडळी हसली, पाळकसाहेबही हसले, आणि त्या हसण्यात चुकीचा पाठ वाहून गेला. बाहेर पडताना पाळकसाहेब सरांचा हात हातात घेऊन म्हणाले की आयत्या वेळी बदलायला नको होतं, चूक त्यांचीच. ते इतक्या मायेनं म्हणाले की सरांना त्यांच्याकडे बघवेना. स्कूटरवरून घरी येताना बाई मागं बसल्या होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, पुढं गतिरोधक आहे. सरांना तो दिसला नव्हता.

माणूस स्वतःवर रागावला की त्याला राग काढायला दुसरं कुणीतरी लागतं. सोमवारी सर कोळ्यावर घसरले. तक्त्यावरच्या एकाही माशीवर त्यानं आतापर्यंत झेप घेतली नव्हती. मोठी माशी दाखवली, लहान दाखवली, जवळ नेली, लांब नेली, तो वळायचा, पुढचे दोन डोळे रोखून जरा वेळ बघायचा आणि पाठ फिरवायचा. सरांनी निदान केलं की याची नजर गेली. वय झालं असेल. एवढ्याशा डोळ्यात मोतीबिंदू होतो का, याची माहिती काढायला हवी. आठ डोळे घेऊन बसलाय आणि समोरची माशी ओळखता येत नाही, असं ते बरंच काही बोलले. एक ताजी, मन लावून काढलेली माशी त्यांनी पुठ्ठ्यावर लावली आणि बाईंना म्हणाले की शेवटचं बघू.

बाई दोरा घेऊन खिडकीच्या कडेला बसल्या. त्यांनी क्षणभर पाठ वळवून पुठ्ठ्याशी काहीतरी केलं, गाठ नीट करत असतील असं सरांना वाटलं. मग त्यांनी दोरा ओढला. कोळी वळला. अंग खाली दाबलं, एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि झेप. पुठ्ठा गरकन फिरला इतक्या जोरानं तो माशीवर पडला.

"बघ," सर म्हणाले. "बघ, माझी माशी ओळखली त्यानं."

"हो," बाई म्हणाल्या. "ही तुमची जुनी, प्रदर्शनातली. मी बदलली आत्ता." त्यांनी ताजी माशी मांडीवरून उचलून सरांच्या हातात दिली. "अहो, कोळ्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

सर तो कागद हातात धरून उभे राहिले. त्यांनी तो डाव्या डोळ्यासमोर धरला, उजव्या डोळ्यासमोर धरला. उजव्या डोळ्याला त्यावर एक डाग दिसत होता, आणि तो डाग म्हणजे माशी असं त्यांनी इतके दिवस मानलं होतं. ते खुर्चीत बसले. बाईंनी पुठ्ठ्याचा दोरा गुंडाळून ठेवला. सर म्हणाले, "मला भीती वाटते, एस्तेर."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "उद्या जाऊ. मी आत येईन बरोबर."

डॉक्टरांनी थेंब घातले, बाहुली मोठी होईपर्यंत बसवून ठेवलं, मग हनुवटी एका पट्टीवर ठेवायला लावली आणि यंत्रातून सरांच्या डोळ्यात बघितलं. समोर बघा, म्हणाले. आता वर, आता खाली. दोन भिंगांच्या पलीकडून एक प्रचंड डोळा आपल्याला निरखतोय, आपण कुठंही झुकलो तरी तो मागोमाग येतोय, हे सरांना जाणवलं, आणि इतके दिवस त्या खिडकीत कोण कुणाला तपासत होतं याचा त्यांना पहिल्यांदाच नीट उलगडा झाला. चांगलाच पिकलाय, डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात. सर म्हणाले, कोळ्याची नजर तपासत होतो. डॉक्टरांना वाटलं की पेशंट घाबरलाय.

ऑपरेशन नाताळच्या चार दिवस आधी झालं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे सरांनी पुढं प्रत्येकाला सांगितलं, विचारलं नसेल त्यालाही. पाळकसाहेबांना मात्र त्यांनी आधीच स्वतः जाऊन सगळं सांगून टाकलं होतं, तोंडपाठ करण्यापासून पान उलटण्यापर्यंत. नाताळचा पाठ डेव्हिडनं वाचला, मोबाईलमधून. सर काळा चष्मा लावून बाकावर बसून ऐकत होते. जरा घाईनं वाचला, पण बरा वाचला. सरांना वाईट वाटलं आणि वाईट वाटलं तरी माणूस बाकावर बसून राहू शकतो हेही त्यांना कळलं. बाहेर आल्यावर त्यांनी डेव्हिडला थांबवून कुठं थांबायचं ते दोन जागी सांगितलं.

महिनाअखेरीला सकाळी भागवतराव रजिस्टर घेऊन आले आणि मुदत संपल्याची आठवण देऊन गेले. जाताना म्हणाले की मुदतवाढीचा अर्ज दिला तर विचार होईल, अर्जात कोळी किडा आहे हे स्पष्ट लिहावं. सर अर्ज लिहायला टेबलाशी बसले. काळा चष्मा त्यांनी काढून ठेवला होता. कागद शोधताना त्यांच्या हाताला माश्यांचा गठ्ठा लागला आणि त्यांनी तो नव्या डोळ्यानं पहिल्यांदा बघितला. एका माशीचे पाय अंगापासून वेगळे पडले होते. एकीला पंख एकाच बाजूला होते. एकीचं डोकं शेजारच्या माशीला लागलं होतं. आणि ज्या माशीवर ते सगळ्यात खूश होते, तिच्यात माशी कुठंच नव्हती. सरांनी सगळे कागद एकेक करून बघितले. हे सगळे कागद रोज दोऱ्याला लावून कुणी ओढले होते, हे त्यांना आठवलं.

"एस्तेर, तुला हे दिसत होतं?"

"मला काय," बाई आतून म्हणाल्या, "कोळ्यालासुद्धा दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. "डोळ्यांचं नाव काढलं की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात. तुम्ही माझं ऐकलं नसतं. त्याचं ऐकाल असं वाटलं."

खिडकीच्या चौकटीवर कोळी ऊन खात बसला होता. सर त्याच्याकडे बघत होते, तो सरांकडे. नव्या डोळ्याला त्याच्या कपाळावरचे केससुद्धा वेगळे दिसत होते. तेवढ्यात सरांच्या मागं काहीतरी हललं. कोळी चटकन वळला आणि सरांच्या खांद्यामागं बघू लागला. सरही वळले.

दारात एस्तेरबाई हात पुसत उभ्या होत्या. त्यांचे कानावरचे केस पांढरे झाले होते. गेल्या नाताळला इतके नव्हते, किंवा असतील. डोळ्यांखाली बारीक रेघा होत्या आणि डाव्या भुवईजवळ पिठाचा ठिपका होता. वर्षभर सरांनी हा चेहरा धुक्यातून बघितला होता, आणि त्याआधी कित्येक वर्षं बघायचं लक्षातच आलं नव्हतं, कारण तो कायम बाजूला असायचा. 

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," सर म्हणाले. "बघतोय."